ठपका कोणी ठेवावयाचा ?

रायपूरच्या कचेरीत बदलून आलेल्या मराठी मनुष्याला जे हिंदी शब्द पहिल्या महिन्यातच शिकावे लागतात, त्यांत ‘परिनिंदा’ हा एक आहे. महाराष्ट्राच्या सेवानियमांत त्याच गोष्टीला ‘ठपका ठेवणे’ असे घरगुती नाव आहे. शिक्षांच्या यादीत तिचा क्रमांक पहिला, म्हणजे ती सर्वांत सौम्य. तिने पगार घटत नाही की पद उतरत नाही. सेवानोंदीत एक ओळ तेवढी लिहिली जाते. परंतु ती ओळ लिहिण्यापूर्वीसुद्धा आरोप लेखी कळवावा लागतो, संबंधिताचे म्हणणे घ्यावे लागते आणि निर्णयाची कारणे कागदावर उतरवावी लागतात. केंद्रीय सेवकांसाठी १९६५ साली झालेले नियम असेच सांगतात.

आमचे बहुतेक वाचक या नियमांच्या छत्राखालीच आयुष्य काढीत आले आहेत. कोणी असे कागद तयार केले आहेत, कोणी त्यांवर सह्या केल्या आहेत, आणि एखाद्याच्या वाट्याला तो कागद आलाही असेल. म्हणून आमचा प्रश्न त्यांनाच विचारणे उचित. ज्या राष्ट्रीय पुढाऱ्यांच्या हुकमतीने हे सारे नियम चालतात, त्यांच्या स्वतःच्या वर्तनात दोष घडला तर ठपका कोणी ठेवावयाचा ? आणि कोणत्या कागदावर ? आमचे उत्तर कटू आहे. दोषी पुढाऱ्याशी वागण्याच्या दोनच तऱ्हा या देशाला अवगत आहेत : एक शाल-श्रीफळाची, दुसरी सुळावर देण्याची. दोहोंमधील साधा, सकारण, लेखी ठपका आपण जवळजवळ विसरलो आहो. त्यामुळे मोठ्यांचे दोष एक तर झाकले जातात, नाही तर त्यांची सूडकथा होते. खरे काय घडले याची सर्वमान्य नोंद मात्र कोठेच राहत नाही.

मराठी मनुष्यापुढे हा विषय काढला की तो प्रथम रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांस दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे त्यांस तोंडावर सांगितले आणि ते पुणे सोडून गेले. हा प्रसंग आपण मुलांना अभिमानाने सांगतो, आणि तो सांगावा असाच आहे. परंतु न्याय सांगणाऱ्याला गाव सोडावे लागले आणि ज्याच्याविरुद्ध न्याय सांगितला तो पेशवाईची वस्त्रे लेवून बसला, यात राज्याची लाज होती, हे आपण मुलांना सांगत नाही. एका निःस्पृह पुरुषाच्या धैर्यावर सोडलेला न्याय त्या पुरुषाबरोबरच वेशीबाहेर जातो. धैर्य दुर्मिळ असते. म्हणूनच पद्धत लागते.

पद्धतीवाचून ठेवलेला ठपका किती काळ ठसठसत राहतो, हे पाहावयास रायपूरच्या रहिवाशाला दूर जावयास नको. येथील विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते पंडित रविशंकर शुक्ल १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात होते. मुख्य प्रधान होते नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे. मराठी भागाचे मंत्री आणि महाकोशलचे मंत्री यांच्यात बेबनाव झाला. जुलै महिन्यात डॉ. खरे, गोळे व रामराव देशमुख यांनी राजीनामे दिले. शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व मेहता यांनी ते देण्याचे नाकारले. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केले आणि डॉ. खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले. ते दोन-तीन दिवसही टिकले नाही. वर्ध्याला काँग्रेसच्या कार्यकारिणीने ठराव केला : डॉ. खऱ्यांच्या हातून विवेकाच्या गंभीर चुका झाल्या, शिस्तभंग झाला, आणि संघटनेत जबाबदारीचे स्थान धारण करण्यास ते अपात्र ठरले. त्यानंतर शुक्लजी प्रांताचे मुख्य प्रधान झाले.

या ठरावाचा आशय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. परकीय गव्हर्नरच्या विशेषाधिकाराला वाट करून देणे ही लहान चूक नव्हती. डॉ. खऱ्यांना वर्ध्यास बोलावून विचारणा झाली नव्हती, असेही नाही. आमचा आक्षेप जागेला आहे. ज्या विधिमंडळाला ते जबाबदार होते त्या विधिमंडळात त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही; ठपका ठेवला तो पक्षाच्या बैठकीने. आणि अपात्रतेची मुदत कोणती ? तर सेवेने आपण शिस्तीस योग्य आहो हे ते सिद्ध करतील तोवर. अशी बेमुदत शिक्षा कोणत्याही खात्यात टिकणार नाही. परिणाम काय झाला ? महाकोशलाने त्या ठरावात न्याय पाहिला, नागपूर-वऱ्हाडातील पुष्कळांनी मराठी माणसावरील अन्याय पाहिला, आणि वस्तुस्थिती दोहोंच्या मधल्या धुळीत हरवली. डॉ. खरे पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात गेले, हिंदु महासभेत गेले, आणि आपली बाजू अखेरपर्यंत मांडीत राहिले. १९५६ साली प्रांत फुटला. नागपूर एकीकडे गेले, रायपूर दुसरीकडे राहिले. तरी जुन्या मराठी कुटुंबांत हा विषय निघाला की आवाज अजून चढतात. उघड चौकशीवाचून ठेवलेला ठपका दोन पिढ्यांनंतरही जातीचा, भाषेचा व प्रांताचाच राहतो.

याच्या उलट उदाहरण स्वतंत्र भारताच्या पहिल्याच वर्षांत घडले. अंतरिम संसदेतील मुंबईचे सदस्य हु. गु. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संघाकडून आर्थिक लाभ घेऊन त्याच्या बाजूने संसदेत खटपट केली, असा आरोप १९५१ साली आला. मुद्गल सत्तारूढ पक्षाचेच होते. तरीही चौकशीचा प्रस्ताव स्वतः पंतप्रधान नेहरूंनी मांडला. टी. टी. कृष्णमाचारींच्या अध्यक्षतेखाली पाच सदस्यांची समिती नेमली गेली, तीत प्रा. के. टी. शहांसारखे सरकारला न मानणारे गृहस्थ होते, दुर्गाबाई होत्या. समितीने साक्षीपुरावा घेतला. सप्टेंबरात सभागृहात चर्चा झाली, मुद्गलांना आपले म्हणणे मांडू दिले, आणि ते मांडून झाल्यावर त्यांनी राजीनाम्याचे पत्र पुढे केले. येथे बहुतेक सभागृहांनी सुटकेचा निश्वास टाकला असता. त्या सभागृहाने तसे केले नाही. हे सदस्य निष्कासनास पात्र होते आणि राजीनाम्याच्या पत्रातील भाषा हा सभागृहाचा आणखी एक अवमान आहे, असा ठराव त्याने संमत केला. मनुष्य दाराबाहेर गेला होता; नोंद दाराच्या आत राहिली. ठपक्याचे सारे मर्म एवढ्यात आहे.

पण हा दंडक लहान सदस्यासाठी होता. मुद्गल समितीचे अध्यक्ष कृष्णमाचारी पुढे अर्थमंत्री झाले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले, ते प्रकरण फिरोज गांधींनी लोकसभेत उघडे केले आणि न्यायमूर्ती छागलांच्या चौकशीनंतर १९५८ साली कृष्णमाचारींना जावे लागले. राजीनामा घेतला गेला. त्यांच्या सेवेचा गौरव झाला. १९६२ साली ते मंत्रिमंडळात परतले. लाच घेतल्याचा ठपका त्यांच्यावर नव्हता, हे आम्ही जाणतो. तरीही मंत्री म्हणून नेमकी चूक कोणती व किती, हे सभागृहाने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावयास हवे होते. ते झाले नाही. साध्या सदस्याचा राजीनामा ठरावाला आड आला नाही. मंत्र्याचा राजीनामा हाच ठराव मानला गेला.

आता सर्वांत मोठ्या प्रकरणाकडे येऊ. त्याच्या मुळाशी चार सरकारी नोकर आहेत, हे आज फार थोड्यांच्या ध्यानात असेल. १९७५ साली मारुती लिमिटेड या कंपनीविषयी लोकसभेत प्रश्न विचारला गेला. कंपनी पंतप्रधानांच्या पुत्राची. उत्तरासाठी माहिती गोळा करण्याचे काम केंद्रीय खात्यांतील व एका सरकारी महामंडळातील ज्या चौघा अधिकाऱ्यांकडे आले, त्यांच्यामागे घरझडत्या, चौकशा व खटले लागले. त्यांचा अपराध एवढाच की वरून आलेल्या प्रश्नाची माहिती ते जमवीत होते. आपल्यापैकी प्रत्येकाने असे काम शेकडो वेळा केले असेल. हे सारे शहा आयोगापुढे आले. मग मधू लिमये आणि कंवरलाल गुप्त यांनी विशेषाधिकारभंगाची सूचना दिली. लिमये पुण्याचे, निवडून आलेले बिहारातील बांक्याहून. परमुलखात राहून निर्भीडपणे बोलावे कसे, हे त्यांच्याकडून शिकावे. विशेषाधिकार समितीने श्रीमती इंदिरा गांधींना दोषी धरले, आणि १९ डिसेंबर १९७८ रोजी लोकसभेने त्यांस निष्कासित करून अधिवेशन संपेपर्यंत कारावासात ठेवण्याचा ठराव केला.

आमच्या मते येथेच घात झाला. आरोप गंभीर होता; पुत्राच्या कंपनीसाठी राज्ययंत्रणा आपल्याच नोकरांवर सोडणे, याहून स्पष्ट वैयक्तिक गैरवर्तन ते कोणते ? परंतु सभागृहाने ठपक्यावर न थांबता तुरुंगाचे दार उघडले. महिन्यापूर्वी चिकमगळूरच्या मतदारांनी निवडून दिलेल्या बाईंना तिहारमध्ये धाडले. आठवड्याने त्या सुटल्या, आणि देशाला आठवला तो तुरुंग; चार अधिकारी कोणाला आठवले नाहीत. १९८० च्या जानेवारीत त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या. ७ मे १९८१ रोजी नव्या लोकसभेने जुन्या लोकसभेचा ठरावच रद्दबातल केला. त्यातील निष्कर्ष विशेषाधिकाराच्या मान्य तत्त्वांशी विसंगत ठरविले. बहुमताने लिहिले, बहुमताने पुसले. पंतप्रधानांनी सत्तेचा असा उपयोग केला की नाही, या प्रश्नावर संसदेचे अंतिम मत आज काय आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही. त्या चौघांनी सोसले ते कोणत्या रकान्यात जमा झाले ? निव्वळ ठपका ठेवला असता, तुरुंग नको, निष्कासन नको, विरोधकांच्याही सह्या घेतलेला अहवाल आणि त्यावर एक परिच्छेद, तर तो पुसणे इतके सोपे गेले नसते. सौम्य शिक्षा पुसावयास कारण लागते. कठोर शिक्षा पुसावयास सहानुभूती पुरते.

इंग्लंडच्या पार्लमेंटने हे अलीकडे करून दाखविले. माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी टाळेबंदीच्या काळातील मेजवान्यांविषयी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली, असा निष्कर्ष विशेषाधिकार समितीने २०२३ साली काढला. समितीत सातांपैकी चार सदस्य त्यांच्याच पक्षाचे होते. त्यांची कित्येक तास उघड साक्ष झाली. अहवाल बाहेर येण्यापूर्वीच ते सदस्यत्व सोडून गेले. तरी सभागृहाने ३५४ विरुद्ध ७ मतांनी अहवाल मान्य केला. प्रत्यक्ष शिक्षा काय उरली ? माजी सदस्याला मिळणारा प्रवेशाचा पास त्यांना मिळू नये, एवढीच. कारकुनाच्या ठपक्याहून ती मोठी नाही. पण ती पुसावी असे म्हणण्यास कोणाला जागा उरली नाही.

आपल्याकडे मात्र २००५ साली गाडी पुन्हा दुसऱ्या टोकाला गेली. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना सदस्यांची गुप्त चित्रणे १२ डिसेंबरला दूरचित्रवाणीवर आली आणि २३ डिसेंबरला लोकसभेचे दहा व राज्यसभेचे एक असे अकरा सदस्य निष्कासित झाले. त्यांत आमच्या शेजारच्या राजनांदगावचे प्रदीप गांधी होते, जळगावचे वाय. जी. महाजन व एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील हे दोघे मराठी होते. पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्याला संसदेत जागा नाही, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १० जानेवारी २००७ रोजी संसदेचा अधिकार मान्य केला. परंतु अकरा दिवसांत चौकशी, अहवाल व शिक्षा ! ज्यांना घालवावयाचे त्यांना सभागृहात बोलू दिले नाही. १९५१ च्या सभागृहाने दिलेली संधी २००५ च्या सभागृहाने नाकारली, आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी महुआ मोइत्रा यांना निष्कासित करताना नेमका २००५ चाच दाखला पुढे केला गेला. चांगला पायंडा विस्मृतीत जातो आणि वाईट पायंडा टिपणीत जोडला जातो, हे आपणां सरकारी नोकरांना नवे नाही.

यावर तीन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, पुढाऱ्याचे खाजगी जीवन खाजगी राहू द्यावे. आम्हांलाही कोणाच्या माजघरात डोकवावयाचे नाही. परंतु १९६४ च्या आचारनियमांनी कारकुनाच्या दुसऱ्या विवाहाला बंदी केली आहे, त्याच्या मद्यपानाला मर्यादा घातली आहे, त्याच्या मुलीच्या लग्नातील आहेरही ठराविक रकमेपलीकडे कळवावयास लावला आहे. नोकराच्या बाबतीत ‘न शोभणारे वर्तन’ म्हणजे काय हे ज्या राज्याला नीट समजते, त्याला मंत्र्याच्या बाबतीतच ते समजू नये काय ? पैसा, आप्तांचा धंदा, हाताखालच्या माणसाशी वर्तन आणि सभागृहाशी असत्य बोलणे : या चार ठिकाणी खाजगी गोष्ट सार्वजनिक होते. तेथे रेघ ओढावी, आणि ती लिहून ठेवावी.

दुसरा युक्तिवाद, न्यायालय आहे आणि मतदार आहे. न्यायालय गुन्हा पाहते. न शोभणारे वर्तन पाहणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय २००५ च्या प्रकरणात आरोप निश्चित व्हावयासच २०१७ साल उजाडले. मतदाराचे म्हणाल, तर तो सरकार निवडतो. एका मतात तो महागाई, धरण, जात आणि पक्ष हे सारे तोलतो. त्या मताचा अर्थ ‘हा मनुष्य निर्दोष आहे’ असा काढणे म्हणजे मतदाराच्या तोंडी आपले वाक्य घालणे होय.

तिसरा युक्तिवाद कोणी उघड बोलत नाही, पण तोच सर्वांत बलवान आहे : तो आपला माणूस आहे. परमुलखात राहणाऱ्या आम्हां मंडळींना हा मोह अधिक. येथे मराठी नाव कानी पडले की मन आधीच निकाल देऊन बसते. एका दूरच्या गावी मराठी मंडळाच्या खजिनदारांचा हिशेब जुळेना, तेव्हा आम्ही काय केले ? त्यांचा राजीनामा घेतला, शाल-श्रीफळ दिले, आणि ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ अशी इतिवृत्तात नोंद केली. त्या इतिवृत्तावर आमचीही सही आहे. दुसऱ्या वर्षी त्याच गृहस्थांनी दुसऱ्या मंडळाचे कोशाध्यक्षपद स्वीकारले, आणि त्यांच्याविषयी विचारणा झाली तेव्हा आमच्या कागदांत त्यांच्याविरुद्ध एक अक्षरही नव्हते. जे आम्ही दीडशे सभासदांच्या मंडळात केले तेच सभागृहे देशाच्या पातळीवर करतात. म्हणून हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे की नाही, असे कोणी विचारले, तर या सहीमुळेच आहे, असे आम्ही म्हणू.

मग व्हावे काय ? साधने अगदीच नाहीत असे नाही. राज्यसभेने १९९७ साली नीतिसमिती नेमली आणि तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. लोकसभेने २००० साली तशीच समिती नेमली. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे. तिच्या पालनावर लक्ष पंतप्रधानांनी ठेवावयाचे. पंतप्रधानांवर कोणी ठेवावयाचे, तेथे संहिता मुकी होते. अविश्वासाचा ठराव साऱ्या मंत्रिमंडळाविरुद्ध असतो आणि त्याला कारणे द्यावी लागत नाहीत; निंदेचा ठराव एकट्या मंत्र्याविरुद्धही आणता येतो आणि त्याला कारणे द्यावीच लागतात. हे दुसरे साधन गंजत पडले आहे, तेच घासून घ्यावे. आरोप लेखी असावा. समितीत विरोधी पक्षांचे सदस्य निम्म्याहून कमी नसावेत. आरोप असणाऱ्याला समितीपुढे आणि सभागृहातही बोलू द्यावे. मतदानास पक्षादेश नसावा. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर ही गोष्ट लेखी सांगितल्यावाचून होणार नाही. राजीनाम्याने चौकशी थांबू नये. आणि ठराव झाला की तेथेच थांबावे; तुरुंग न्यायालयासाठी व पराभव मतदारांसाठी राखून ठेवावा.

यात अशक्य असे काहीच नाही. हीच पद्धत आपण रोज चालवितो. उद्या सकाळी आपल्यापैकी कोणी एखाद्या कनिष्ठ लिपिकाच्या ठपक्याच्या कागदावर सही करील. आरोपपत्र दिले काय, उत्तर आले काय, कारणे लिहिली काय, हे तो दोनदा तपासील. कारण एखादी पायरी चुकली तर तो ठपका अपिलात टिकणार नाही हे त्याला ठाऊक आहे. सही झाल्यावर त्याने क्षणभर थांबावे आणि एवढेच मनाशी म्हणावे, की या गरिबाला जे संरक्षण आणि जी शिक्षा मी आज दिली, ती दोन्ही देशाच्या मोठ्यात मोठ्या पुढाऱ्याला मिळाली पाहिजेत. आणि मग संध्याकाळी मंडळात गेल्यावर मागचे इतिवृत्त काढून आपली सही कोणत्या वाक्याखाली आहे तेही पाहावे. आम्ही आमचे काढले आहे.